चाकाबद्दल न लिहिलेली ओळ

'नाहीसाहेब' हे नाव त्यांना कचेरीतल्या टायपिस्टबाईंनी दिलं, आणि ते असं चिकटलं की तळमजल्यावरचा चहावालासुद्धा "नाहीसाहेबांचा कप वर द्या" म्हणायला लागला. खरं तर माणूस नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. सकाळी बायकोने दोन शर्ट पुढे धरले तर दोन्ही छान आहेत म्हणायचे, आणि मग तिलाच त्यातला एक निवडून हातात द्यावा लागायचा. पण पोटापाण्याचं काम नाही म्हणण्याचं होतं, आणि ते त्यांनी एकोणीस वर्षं मान खाली घालून केलं.

लष्कराच्या मोठ्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, एक लांबट खोली होती. दारावर 'नागरिकांच्या सूचना' अशी पाटी. देशातल्या कुणालाही नवं शस्त्र सुचलं की त्याने ते कागदावर उतरवून या खोलीकडे पाठवावं, आणि ते चालेल की नाही हे नाहीसाहेबांनी कळवावं, अशी व्यवस्था होती. पूर्वी ते शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून त्यांना इथे घेतलं होतं.

लोकांना काय सुचेल याला काही सुमार नाही. एका न्हाव्याने शत्रूच्या गोळ्या हवेतच ओढून घेणारं लोहचुंबक सुचवलं. एका म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेला टेकडीवर हजार आरसे लावून शत्रूच्या गाड्या उन्हाने पेटवायच्या होत्या. कुणी रस्त्यावर डिंक ओतायला सांगायचं, कुणी जमिनीला इतके हादरे द्यायला सांगायचं की समोरच्या सैन्याला उभंच राहता येऊ नये. कचेरीतले बाकीचे लोक असली पाकिटं बघून कपाळाला हात लावायचे. नाहीसाहेब तसं करत नसत. पेन्सिलीला टोक काढायचं, पाठकोरा कागद घ्यायचा आणि गणित मांडायचं. आरशांच्या वेळी तर बायकोचा आरसा गच्चीवर नेऊन, समोर कागद टांगून, घड्याळ लावून बसले होते. कागद पेटायला किती वेळ लागला तो मोजला, त्यावरून लोखंडाचा हिशेब केला, तेव्हा कुठे उत्तर दिलं.

उत्तर द्यायला छापील कार्ड असायचं. 'आपली सूचना मिळाली. आभारी आहोत. पुढील कारणामुळे ती उपयोगात आणता येत नाही', आणि त्याखाली टिंबांची एक ओळ. एकच. मोठ्या साहेबांचा तसा दंडक होता. एक कारण दिलं की माणूस गप्प बसतो, दोन दिली की वाद घालतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गणितात चार चुका सापडल्या तरी कार्डावर एकच जायची, आणि ती कोणती हे नाहीसाहेब ठरवायचे.

इथेच त्यांना एक खोड लागली. सगळ्यात मोठी चूक बहुधा सांगायला अवघड असते, एका ओळीत मावत नाही. छोटी चूक मात्र चटकन मावते, आणि जरा शब्द फिरवले तर वाचणाऱ्याला हसूही येतं. न्हाव्याला कार्ड गेलं: 'शिशाची गोळी चुंबकाला जुमानत नाही, आपल्याच जवानांच्या पट्ट्याची बकलं मात्र जुमानतील.' मुख्याध्यापिकेला: 'शत्रूला भर दुपारी पाव तास एका जागी उभं राहण्याची विनंती करावी लागेल.' टायपिस्टबाई टाइप करताना हसायच्या, त्यांचं यंत्र मध्येच थांबायचं, आणि ते थांबलेलं ऐकू आलं की नाहीसाहेबांना बरं वाटायचं. संध्याकाळी जेवताना घरी तेच सांगायचे. बायको ताट खाली ठेवून पदराने डोळे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता शेजारणींना सांगायची. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. घरात हसू आहे, ही देवाचीच कृपा, असं तिला वाटायचं.

मशीनवाल्याचं पहिलं पत्र आलं ते अशाच एका दिवशी.

तो एका लहान गावात शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. ब्लाउजचा नमुना कापून उरलेल्या खाकी कागदावर त्याने आकृती काढली होती, रेषा इतक्या नेटक्या की नाहीसाहेब आधी त्याच बघत बसले. एक जड चाक, शिवणयंत्रासारखं पायाने फिरवायचं. मधल्या नळीतून पोलादी गोळ्या सोडायच्या, त्या फिरत फिरत कडेला यायच्या आणि तिथून सुसाट सुटायच्या. दारू नाही, धूर नाही, आवाज नाही. 'मशीनच्या फिरत्या चाकावर गुंडी पडली की कशी उडते ते रोज पाहतो, त्यावरून सुचलं,' असं त्याने खाली लिहिलं होतं.

नाहीसाहेबांनी गणित मांडलं. गोळी माणसाला लागण्याइतकी जोरात जायची तर चाकाची कड किती वेगाने फिरायला हवी, हे काढलं. मग त्या वेगाला चाकावर किती ताण येईल, हे काढलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. इतक्या ताणाला लहान गावात ओतलेलं कुठलंही चाक टिकणार नाही. त्याचे तुकडे होतील, आणि ते तुकडे शत्रूच्या आधी चालवणाऱ्याच्या अंगात घुसतील. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी 'चाक फुटेल' असं लिहिलं आणि भोवती गोल काढला.

मग कार्ड पुढे घेतलं. चाक का फुटेल हे एका ओळीत बसेना. दोनदा लिहून खोडलं. तेवढ्यात दुसरी, बारकी चूक दिसली. गोळी चाकाच्या कडेवरून नेमकी कुठे सुटणार, याला काही धरबंधच नव्हता. त्यांनी लिहिलं: 'गोळी कोणत्या दिशेला जाईल हे गोळीलाही ठाऊक नसेल.'

टायपिस्टबाईंचं यंत्र थांबलं. रात्रीच्या जेवणाला बायको हसली. पाठकोरा कागद फाइलीत गेला.

दोन महिन्यांनी मशीनवाल्याचं दुसरं पत्र आलं. असं सहसा होत नसे. कार्ड मिळालं की लोक रुसायचे, शिव्या द्यायचे, नाहीतर वर तक्रार करायचे. हा आभार मानत होता. 'साहेबांनी चूक बरोबर दाखवली. कार्ड वाचून मी आणि घरची खूप हसलो. आता कडेला फिरतं दार बसवलं आहे, ते एकाच जागी उघडतं, गोळी समोरच जाते.' आकृती सोबत होती आणि दार खरोखर चोख होतं. नाहीसाहेब खूश झाले. शाळेत असताना हात वर करणारी मुलं असायची, तसं कुणीतरी बऱ्याच वर्षांनी समोर बसल्यासारखं त्यांना वाटलं. पुन्हा एकच कारण द्यायचं होतं. चाकाची गोष्ट डोक्यात होती, नव्हती असं नाही. पण ती आता लिहायची तर मागच्या वेळी का लिहिली नाही, हा प्रश्न आलाच. शिवाय पायाने फिरवलेलं चाक त्या वेगापर्यंत पोचणारच कुठे, असं त्यांनी मनाला समजावलं आणि तेच कारण म्हणून टाकलं: 'पायाने हा वेग येत नाही. गोळी शत्रूपर्यंत पोचायला याच्या दसपट हवा.'

कार्ड टपालात पडलं आणि ते विसरून गेले.

तिसरं पाकीट आलं तेव्हा वरचं अक्षर वेगळं होतं. थोरलं, एकेक अक्षर सुटं. आत आकृती नव्हती. 'मी मशीनवाल्याची बायको. हे सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. साहेबांनी सांगितलं तसं केलं. पिठाच्या गिरणीची मोटर लावली, वेग भरपूर आला. पण चाक फुटलं. यांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. दोन्ही डोळे गेले. मी अंगणात होते म्हणून वाचले. हे म्हणतात, झालं ते झालं, पण या वेळी काय चुकलं ते साहेबांनी नक्की कळवावं. साहेब नेहमी कळवतात.'

नाहीसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग फाइल काढली. पाठकोरा कागद होता तिथेच होता, आणि त्याच्यावरचा गोलही.

ते फाइल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पत्र वाचून चष्मा काढला. मग म्हणाले की आपण कुणाला बनवायला सांगितलं नव्हतं, कार्डावर स्पष्ट नकार आहे, दोन्ही कार्डांवर आहे. तो गोलवाला कागद मात्र फाइलीत असण्याचं कारण नाही. आणि उत्तर द्यायचंच असेल तर चाकाचं ओतकाम सदोष होतं असं लिहा, ते खरंही आहे.

नाहीसाहेबांनी तसं कार्ड टाइप करून घेतलं. या वेळी टायपिस्टबाईंचं यंत्र थांबलं नाही. पाठकोरा कागद त्यांनी फाडायला हातात घेतला आणि पुन्हा फाइलीत ठेवला. कार्ड टपालाच्या ट्रेमध्ये टाकायला गेले आणि ते शर्टाच्या खिशात घालून घरी आले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी बायकोने धुवायच्या आधी खिसे चाचपले तेव्हा ते तिच्या हाताला लागलं. तिने वाचलं आणि हे कुणाचं, पाठवलं का नाही, असं विचारलं. नाहीसाहेब दाढी करत होते. अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. पत्रातली वाक्यं त्यांना तोंडपाठ झाली होती.

बायको पालथ्या बादलीवर बसली.

"गोळीलाही ठाऊक नसेल," ती म्हणाली. "तेच ना? मी ते चार घरी सांगितलं होतं."

"त्यात तुझा काय दोष?"

"ते मला नका सांगू." तिने कार्ड ओल्या हाताने धरलं होतं, ते जाणवून पदराला पुसलं. "मी रोज प्रार्थनेत म्हणते, आमच्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. हातून म्हणते. न लिहिल्यामुळे, हसल्यामुळे, असं मी कधी म्हटलंच नाही. सुचलंच नाही मला." मग तिने विचारलं, "हे खोटं आहे का, कार्डावरचं?"

"खोटं नाही. ओतकाम कच्चंच असणार."

"मग चार दिवस खिशात का?"

त्यांनी आरशाकडे वळून उरलेली दाढी उरकली.  सुट्टीच्या दिवशी सकाळी ती शर्ट घेऊन आली तेव्हा तिच्या हातात दोन नव्हते. एकच होता, पांढरा, कडक इस्त्रीचा. सोबत वाटेत खायला डबा बांधलेला होता.

गाव बसने तीन तासांवर होतं. दुकान शोधावं लागलं नाही, मशीनवाला म्हणताच लोक हळू आवाजात हाताने वाट दाखवायचे. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. उघड्या पडलेल्या मशीनी, खिळ्याला टांगलेले चामडी पट्टे, बरण्यांमध्ये बॉबिनी, आणि यंत्राच्या तेलाचा वास. एका भिंतीचा गिलावा हातभर उडून विटा दिसत होत्या, आणि छताला नवीन पत्रा ठोकला होता. मशीनवाला स्टुलावर बसला होता. वयाने लहान निघाला, पस्तिशीचा असेल. डाव्या हाताने तो एका मशीनचं पोट चाचपत होता आणि बायको सांगेल तो स्क्रू फिरवत होता.

"उजवीकडे. नाही, खालचा," ती म्हणत होती.

नाहीसाहेबांनी आपण कोण ते सांगितलं. बायकोच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मशीनवाला मात्र धडपडत उठला, स्टूल पडलं, आणि ज्या बाजूने आवाज आला त्या बाजूला वळून तो हसला.

"साहेब स्वतः आले. अगं, खुर्ची दे. मी म्हणालो नव्हतो, साहेब कळवल्याशिवाय राहणार नाहीत?"

कॅलेंडरशेजारी खिळ्याला त्यांची दोन्ही कार्डं अडकवलेली नाहीसाहेबांना दिसली. ते खुर्चीत बसले नाहीत.

"आता सांगा, काय चुकलं," मशीनवाला म्हणाला.

त्यांनी सांगितलं. शाळेत सांगायचे तसं, सावकाश. चाक फिरतं तेव्हा त्याचा प्रत्येक कण बाहेर पळायला बघतो, वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, आणि एका हद्दीनंतर धातू ती धरून ठेवू शकत नाही. मशीनवाला मान हलवत ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं की चाक लहान केलं असतं तर, किंवा चांगल्या कारखान्यातून ओतून आणलं असतं तर. नाहीसाहेब म्हणाले, जरासा फरक पडला असता. पण जी गोळी तुम्हाला हवी होती ती या पद्धतीने कधीच सुटली नसती. कुणाकडूनच नाही.

 बाहेर कुणीतरी सायकल टेकवली आणि पुन्हा नेली.

"हे तुम्हाला कधी कळलं, साहेब?"

हाच प्रश्न येणार हे त्यांना बसमध्ये बसल्यापासून ठाऊक होतं.

"पहिल्या पत्राला."

"मग लिहिलं का नाही?"

"कार्डावर ओळ एकच असते," नाहीसाहेब म्हणाले, आणि ते शब्द त्या खोलीत कसे वाटतात ते त्यांनाच ऐकू आलं. "नाही, तसं नाही. दुसरं कारण मला जास्त छान वाटलं. हसू येईल असं."

मशीनवाल्याच्या बायकोने खिळ्यावरचं पहिलं कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. गोळी कोणत्या दिशेला जाईल हे गोळीलाही ठाऊक नसेल. तिच्या तोंडून त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

"आम्ही हसलो होतो," मशीनवाला म्हणाला. "मला वाटलं, एवढा मोठा माणूस आपली थट्टा करतो आहे म्हणजे बाकी सगळं जमलेलं असणार. एवढं एकच राहिलं असणार." त्याने हाताने स्टूल शोधलं, उभं केलं आणि बसला. "बरं झालं सांगितलंत."

नाहीसाहेबांची नजर दुसऱ्या कार्डावर होती. ते अजून खिळ्यावरच होतं. याच्या दसपट हवा. त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात मशीनवाल्याच्या बायकोने शिष्टाचार म्हणून चहा ठेवू का असं विचारलं, त्यांनी नको म्हटलं, तिने परतीच्या बसची वेळ सांगितली, आणि बोलायचं ते तसंच राहून गेलं.

घरी आल्यावर सगळं सांगितलं असं ते बायकोला म्हणाले. तिने डोळे मिटून हात जोडले. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. त्यांना लागली नाही. निम्मं ओझं उतरवून निम्मं तसंच परत आणल्यावर ते आधीपेक्षा जड का वाटतं, कोण जाणे.

कचेरीत त्यांनी एक बदल केला. कार्डाच्या पुढच्या बाजूला ओळ भरून ते मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी कारणं हाताने लिहायला लागले, सगळ्यात मोठी चूक सगळ्यात आधी. मोठ्या साहेबांनी दोनदा टोकलं आणि मग सोडून दिलं. टायपिस्टबाईंना हसण्यासारखं काही उरलं नाही. घरी जेवताना बायको कधी आज काय आलं म्हणून विचारायची, ते सांगायचे, आणि ती एवढंच म्हणायची, "नीट लिहिलंत ना त्याला?"

चार महिन्यांनी सुट्या थोरल्या अक्षरातलं पाकीट पुन्हा आलं.

'साहेबांस नमस्कार. यांनी मला दुसरं कार्ड परत वाचायला लावलं. रोज लावतात. हे विचारतात, पायाने चालवत राहिलो असतो, मोटर लावली नसती, तर चाक टिकलं असतं का? एवढंच कळवावं.'

नाहीसाहेबांनी पेन्सिलीला टोक काढलं, पाठकोरा कागद घेतला आणि गणित मांडलं. मांडायची गरज नव्हती. पायाच्या वेगाला त्या चाकाला काहीही झालं नसतं. गोळ्या टपटप अंगणात पडल्या असत्या, नवराबायको हसली असती, आणि चाक कदाचित अजूनही त्या खोलीच्या कोपऱ्यात असतं.

कार्ड त्यांनी टाइप करायला दिलं नाही. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि टिंबांच्या ओळीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हो.'

ते टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं नाही. खिशात घालून घरी नेलं आणि बायको भाजी निवडत होती तिच्या पुढ्यात ठेवलं. सोबत ते पत्रही.

"मी सगळं सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

तिने पत्र वाचलं, कार्ड वाचलं. एकोणीस वर्षांत त्यांनी लिहिलेला तो पहिला होकार होता, आणि टिंबांच्या ओळीत पहिल्यांदाच इतकी जागा उरली होती. तिने ती जागा बराच वेळ बघितली. मग हात धुतले, कोरडे केले, कार्ड त्यांच्या हातात परत दिलं आणि चपला त्यांच्या पुढे सरकवल्या.

"टाकून या," ती म्हणाली. "खिशात ठेवू नका."